मनाईतला मळा

मुलांनो, डोळे मिटा आणि माझ्याबरोबर पानमळ्यात चला. बाहेर ऊन कातडं सोलतंय, आत मात्र गार, अंधारी सावली. शेवरीच्या उंच झाडांवर पानवेली चढलेल्या, पायाखाली काळी ओल. असा मळा शिरोळ भागात शांतिनाथ आण्णांचा होता. बायको गेल्यापासून आण्णांना जीव लावायला तेवढाच उरला होता. दुपारी चार माणसं पान खायला यायची, गप्पा हाणायची.

एके दिवशी एका सरकारी खात्यानं कोर्टात सांगितलं, की ही जमीन आमची. कोर्टानं मनाई दिली. निकाल लागेपर्यंत आण्णांनी आत पाऊल टाकायचं नाही, कशाला हात लावायचा नाही.

आता जमीन थांब म्हटलं की थांबते. वेल कशी थांबेल? तिला पाणी लागतं. वर्षाला खाली उतरवून मातीत पुरावी लागते, तेव्हा ती नव्यानं फुटते.

आण्णा कुंपणाबाहेर बसून राहिले. शेजारचा बाळासो म्हणाला, "आण्णा, पाट फोडा की. कोण बघतंय?"

"मी बघतोय न्हवं."

"वेली वाळतील आन् तुमी हुकूम चाटत बसशीला."

"हुकूम मोडला तर माजं खरं बी खोटं हुईल. तू साक्षीला येतोस काय, त्ये सांग."

बाळासोनं पानाची चंची काढली, तशीच परत खोचली. "सरकारसंगट कोण वाकडं घेणार, आण्णा?"

दुसऱ्या दिवसापासून तो पलीकडच्या वाटेनं जाऊ लागला. हळूहळू गावानंच वाट बदलली.

दोन उन्हाळे गेले. मग मोजणीत चूक झाली, असं खात्यानं कबूल केलं आणि मनाई उठली. आण्णा जयसिंगपूरला वकील आदितीबाईंकडं गेले.

"आन् माज्या वेली?"

"भरपाई मागू, आण्णा," आदितीबाई म्हणाल्या. "पण चुकीच्या मनाईच्या भरपाईला कायद्यानं मर्यादा घातलीय. पन्नास हजारांच्या वर कोर्टाचा हात जात नाही."

"मी सरकारच्या रानावर अशी मनाई आणली असती तर?"

"तर तुमच्याकडनं आधी नुकसानीपोटी जामीन मागितला असता. सरकारकडनं सहसा मागत नाहीत. जास्त पाहिजे तर निराळा दावा लावायचा. त्यांनी जाणूनबुजून खोटं केलं, हे आपण दाखवायचं."

आण्णा उठले. "जाणून न्हाय केलं त्यांनी. त्या मळ्यात कोण राबतंय, त्येच त्यांस्नी म्हायती न्हवतं."

घरी आले आणि सवयीनं पुन्हा कुंपणाबाहेरच टेकले. बाळासोची पोरगी क्रांती शाळेतनं येताना थांबली.

"आण्णा, तुमी जिकला न्हवं?"

"व्हय."

"मग भाईर का बसलाईसा?"

"आत कोण हाय, बाय?"

शेवरीवर वाळक्या वेली सुतळीसारख्या लोंबत होत्या. क्रांतीनं थोडा वेळ तिकडं बघितलं. मग काट्याचं फाटक ओढलं, आत गेली आणि मळ्याच्या मधोमध धुळीत फतकल मारून बसली. दप्तरातनं डबा काढला. उरलेल्या भाकरीचे दोन तुकडे केले, एक झाकणात ठेवून समोर सरकवला, आणि आण्णांकडं न बघता आपला तुकडा खायला लागली.