एलादियोनं फोडलेली खिडकी

हे मी लिहिणार नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. आमच्या बातेतल्या कुणी वाचलं तर मला दगड मारतील, आणि त्यांचं काही चुकणार नाही. पण डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय. नावं बदलली आहेत. खरं तर नावाचाच सगळा घोळ आहे, तेव्हा बदलून काय होणार कोण जाणे.

बाते म्हणजे उसाच्या फडात वसवलेली तोडणी मजुरांची वस्ती. आमची सान पेद्रोजवळ आहे. कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली, माणसं तिथंच राहिली. आमच्याकडे दाखवण्यासारखी एकच गोष्ट होती, एलादियो गिलामो. अमेरिकेच्या बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये तो शॉर्टस्टॉप म्हणून खेळला, चौदा वर्षं. मागच्या वर्षी खेळणं सोडून घरी आला. आणि या नोव्हेंबरात राजधानीच्या हायवेवर त्याची जीप एका उभ्या ट्रेलरवर आदळली. ट्रेलर उसाचा होता, मागचा दिवा बंद. ऊस तोडायला लागू नये म्हणून बॅट धरली आणि शेवटी उसानंच गाठलं, हे पहिल्या दिवसापासून प्रत्येक जण म्हणतोय. मला आता ऐकवत नाही.

आता खरं सांगतो. तो एलादियो नव्हता. त्याचं नाव पेर्सियो. खरा एलादियो म्हणजे त्याचा चुलतभाऊ कीके, माझा मित्र, माझ्याहून आठेक वर्षांनी मोठा.

आमच्याकडे मूल घरीच जन्मतं आणि नोंद करायला सान पेद्रोला जायचं राहून जातं. पेर्सियोची राहून गेली. कीकेची झाली, कारण त्या दिवशी त्याच्या बापाला तिकडं जाणारा ट्रक मिळाला. दोन भावांत मिळून एक दाखला. पेर्सियो तेवीस वर्षांचा झाला तेव्हा खेळाडू शोधणारा माणूस आला, त्याचा खेळ बघून म्हणाला, पोरगा सोनं आहे, पण तेविसाव्या वर्षी याला कोण घेणार, सतरा असता तर आजच सही केली असती. कीके सतराचा होता. कोयत्यानं त्याची दोन बोटं आधीच गेली होती, त्यामुळे तो काही खेळाडू होणार नव्हता. घरचे बसले, बोलले, आणि दाखला पेर्सियोकडे गेला. असं आमच्याकडेच झालं असंही नाही. फक्त बाकीच्यांचं लवकर उघडकीला आलं.

त्या दिवसापासून सगळी वस्ती पेर्सियोला एलादियो म्हणायला लागली, कीकेला कुणी एलादियो म्हटलं नाही. अठराव्या वर्षी तो ओळखपत्र काढायला गेला तर खिडकीतल्या बाईनं स्क्रीन त्याच्याकडे वळवली. त्यावर पेर्सियोचा फोटो. "हा तू आहेस?" तिनं विचारलं. कीके म्हणाला, नाही. घरी येऊन आम्हाला सांगताना तो हसत होता.

तेव्हापासून तो बिनकागदाचा. बांधकामावर रोजंदारी करतो. त्याच्या बायकोकडेही कागद नाहीत, तिचे आईबाप शेजारच्या हैतीहून तोडणीला आलेले. पोरगी आनाबेल पाच वर्षांची. शाळेनं सांगितलंय, नाताळच्या सुट्टीनंतर दाखला आणा, नाहीतर आणू नका तिला.

पेर्सियो वाईट नव्हता. कीकेच्या घरावर पक्कं छप्पर त्यानंच घातलं. परत आल्यावर म्हणाला, आता माझं झालं, आता ऑफिसात जाऊन सगळं सांगतो, तुझं नाव तुला देतो. मग आज-उद्या करत राहिला, शेवटी हा नाताळ होऊ दे म्हणाला.

पुरलं त्याला घाईनं. क्रुसावर रंगानं लिहिलं, एलादियो. पण मृत्यूची नोंद झाली नव्हती, कारण त्याची आई, दोन्या सुनिल्दा, आठ दिवस खाटेवरून उठली नव्हती. नऊ दिवसांची प्रार्थना संपली की जाईन म्हणाली होती. एकदा ती नोंद झाली की कीके कागदावर मेला. मग पोरीला कसलं नाव आणि कसली शाळा.

म्हणून नवव्या दिवशी दुपारी कीके माझ्याकडे आला. "दारियो, बरोबर चल. एकटा गेलो तर मी काही बोलणार नाही."

अंगणात ताडपत्री, भाड्याच्या खुर्च्या, आल्याचा चहा, एका कोपऱ्यात डोमिनो. आम्ही मागून स्वयंपाकघरात गेलो. दोन्या सुनिल्दा कॉफी गाळत होती.

"बस. कॉफी घे."

"नको, काकू."

"मग उभा राहा. नऊ दिवस वाट बघतेय तुझी. घाबरट आहेस, बापासारखा."

कीकेनं टोपी काढली. "काकू, त्यानं शब्द दिला होता."

"माझ्यासमोर दिला होता. मी बहिरी नाही."

"उद्या जाणार ना तुम्ही? कुठल्या नावानं?"

तिनं फडकं पिळलं. जरा जास्तच वेळ पिळलं. "पेर्सियो म्हणून सांगू? ती कॉम्प्युटरवाली विचारेल, कुठला पेर्सियो. माझा पेर्सियो त्यांच्याकडे जन्मलाच नाही. जन्मला नाही तो मेला म्हणून सांगू?"

"सगळंच सांगा. पहिल्यापासून."

"सांगेन," ती म्हणाली. मला वाटलं होतं ती ओरडेल. "तुरुंगात घातलं तर घालू दे, तिथं लाइट तरी जात नाही म्हणतात. पण आधी बाहेर जाऊन बस. ती माणसं काय बोलतात ऐक. मग आत ये आणि मला सांग, काकू जा. तू म्हणालास तर जाईन. कुणाला विचारणार नाही."

आम्ही बाहेर येऊन बसलो. न्हावी मेल्बिन बोलत होता. त्याच्या दुकानातला रेडिओ म्हणजे आमचं लहानपण. "ती फायनल," मेल्बिन म्हणाला, "नववी इनिंग, एलादियो बॅट घेऊन उभा, आणि फटकन लाइट गेली. ह्याची दाढी अर्धी झालेली, त्याचे केस अर्धे, सगळे तसेच पळाले रस्त्यावर. कोंबड्यांचा टेम्पो चालला होता, आडवे पडून थांबवला. ड्रायव्हरला वाटलं लुटायला आलेत. बिचारा कोंबड्या घ्या म्हणाला. आम्ही म्हटलं, कोंबड्या ठेव तुझ्या, रेडिओ लाव."

"आणि?" कुणीतरी विचारलं, उत्तर सगळ्यांना माहीत असून.

"आणि काय. गेला बॉल. ड्रायव्हरसुद्धा रडला. त्याला बेसबॉल कळत नव्हता."

मीपण माझं सांगितलं. दर डिसेंबरात तो जुन्या ग्लोव्ह्जचं पोतं आणायचा. मी दहा वर्षांचा होतो, माझ्या वाट्याला डावखुऱ्याचा ग्लोव्ह आला. बदलून मागितला असता तर दिला असता त्यानं. पण त्याचा हात लागलेला होता ना. मी दोन वर्षं चुकीच्या हातानं खेळलो. अजून काही फेकायचं म्हटलं की माझा डावाच हात पुढं येतो, बायको यास्मिन हसते. सगळे हसले. मीपण. सांगताना मी एलादियो एलादियो म्हणत होतो, कीकेच्या शेजारी बसून. दुसरं काय म्हणणार, माझ्या आठवणीत त्याचं तेच नाव आहे.

मग मिनेर्वाबाई बोलायला लागल्या. आमच्या शाळेतल्या जुन्या बाई, आता डोळ्यांनी कमी दिसतं, नात धरून आणते.

"तुम्ही सगळे मोठेपणचं सांगता," बाई म्हणाल्या. "मी त्याला तिसरीत शिकवलंय. एलादियो गिलामो, हजेरीत माझ्या तोंडात बसलेलं नाव. एवढासा होता. मोज्यात दगड भरून चेंडू केला आणि असा मारला की चॅपलची रंगीत काच फुटली. बाकीची कार्टी पळाली. हा तिथंच पायरीवर बसून राहिला. पाद्री आले तरी उठला नाही. म्हणाला, मीच मारला, पण चांगला लागला ना? तेव्हाच म्हटलं मी, हा पोरगा मोठा होणार."

मेल्बिन डोळे पुसत होता.

मी कीकेकडे बघितलं नाही. बघवलं नाही. पेर्सियो त्या शाळेत कधी गेलाच नव्हता, तेव्हा तो फडात मोळ्या बांधत होता. ती काच कीकेनं फोडली. आम्ही लहान होतो तेव्हा वस्तीतल्या प्रत्येक पोराला हे माहीत होतं. आणि नऊ दिवस बसलेल्या त्या माणसांत म्हातारे होते, त्यांनाही माहीत असणार. पण ते मान हलवत होते. खोटं म्हणून नाही. त्यांना आता तसंच आठवत होतं.

कीकेनं विचारलं, "बाई, सदरा कुठला होता त्याच्या अंगात?"

बाई लगेच म्हणाल्या, "पिवळा. बाही उसवलेली."

"हो," कीके म्हणाला. "पिवळाच."

बाईंनी आवाजाकडे मान वळवली. "तू कोण रे? कुणाचा?"

"कीके."

"माझ्या वर्गात होतास का?"

मला वाटलं, आता बोलेल. त्यानं टोपी डोक्यावर घातली. "नाही, बाई," म्हणाला. "मी शाळेत नव्हतो."

मग उठून आत गेला. मी दारापर्यंत गेलो. तो दोन्या सुनिल्दाला म्हणाला, "काकू, एलादियो लिहा." तिनं त्याचा हात धरला, दोन बोटं गेलेला हात, आणि बराच वेळ सोडला नाही.

आम्ही मैदानाकडे चालत गेलो. तिथं पोरं झाडूच्या दांड्यानं बाटलीची झाकणं मारत होती. त्या मैदानाला आता एलादियोचं नाव देणार आहेत, तसा बोर्ड रंगवायला गेलाय. आम्ही भिंतीवर बसलो.

कीके म्हणाला, "माझ्या मैतीला एवढी गर्दी होईल असं वाटलं नव्हतं."

"चहा बरा होता."

"आलं कमी होतं."

"का केलंस तसं?" मी विचारलं.

त्यानं पोरांकडे बघितलं. "खरं सांगितलं तर उद्या पेपरात येईल, लबाड होता, वय चोरलं. मग मेल्बिन त्या टेम्पोचं कसं सांगणार? तू ग्लोव्हचं कसं सांगशील? हेच तर आहे आपल्याकडे." मग जरा थांबून म्हणाला, "आणि बाईंना सदरा आठवत होता, दारियो. माझा सदरा आठवत होता."

तो भिंतीचे पोपडे काढत बसला. मग म्हणाला, "आनाबेलला तुमच्या नावावर लाव. तुझ्या आणि यास्मिनच्या. तुमच्या दोघांकडे कागद आहेत. घरीच जन्मली, नोंद राहिली म्हणून सांगायचं. यास्मिनला विचार आधी."

"यास्मिन मागच्या आठवड्यातच म्हणाली."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, तो मागणार. आणि तू लगेच हो म्हणू नकोस, त्याला वाईट वाटेल."

तो हसला, पण नीट नाही. "पण मग तू तिचा बाप."

"कागदावर."

"मीपण कागदावरच दिलं होतं," कीके म्हणाला.

आज हो म्हटलं तर वीस वर्षांनी त्या पोरीला कुणाची मुलगी म्हणून ओळखतील, मला माहीत नाही. मला स्वतःलाच तेव्हा काय आठवत असेल, तेही माहीत नाही. अंगणात बसलेली माणसं माझ्यापेक्षा वाईट नव्हती.

"तिला खिडकीचं सांगशील?" त्यानं विचारलं.

"तू सांग की."

"मी सांगितलं तर शाळेत जाऊन बोलेल आणि पोरं तिला चिडवतील, तुझा कीके थापाड्या आहे म्हणून. तू सांग. मोठी झाली की."

चॅपलच्या त्या खिडकीला अजून प्लायवूडच आहे, काच कुणी बसवली नाही. मी त्याला म्हटलं, तिला तिथं नेईन, एकदा नाही, दरवर्षी, म्हणजे मलाही विसरता येणार नाही. त्या पायरीवर बसवेन आणि सांगेन, ही तुझ्या बापानं फोडली, पिवळा सदरा होता, बाही उसवलेली, आणि तो पळाला नाही. शब्द देतो, एलादियो.