नव्या व्हॉल्व्हचं बूड

टायरच्या दुकानातल्या त्या माणसाला सगळे मिस्त्री म्हणत, अगदी बायकोसुद्धा. कामात त्याची एक रीत होती. चाकात हवा भरायचा तो करंगळीएवढा रबरी व्हॉल्व्ह असतो ना, त्याच्या तोंडावर तो थुंकीचं बोट लावी. बुडबुडा आला नाही, तरी अंगठ्यानं व्हॉल्व्ह आडवा वाकवून त्याचं बूड बघे. कारण रबर मरतं ते बुडाशी, रिमच्या भोकात बसतं तिथे. जुना व्हॉल्व्ह तो वाकवल्याशिवाय सोडत नसे. नव्याला मात्र नुसतं बोट. नव्या नवरीचे कुणी दात मोजतं का, म्हणायचा.

त्या दिवशी भर दुपारी एका मोटारीच्या रिममध्ये नवा व्हॉल्व्ह ओढून बसवताना तो बुडाशीच तुटून त्याच्या हातात आला. मिस्त्रीनं एक शिवी हासडली आणि पाकिटातून दुसरा काढला. का कोण जाणे, हा त्यानं वाकवून बघितला. बुडाभोवती बारीक भेगा उघडल्या, टाचेला पडतात तशा. तिसरा वाकवला, तोही तसाच. चौथाही, आणि पाकीट संपलं. मग त्याच्या ध्यानात आलं, हे पाकीट कॉम्प्रेसरच्या मागच्या फळीवर, त्या गरम कोपऱ्यात, तीन-चार वर्षं पडून होतं. कोरं होतं, पण नवं नव्हतं.

आणि ह्याच पाकिटातले चार सकाळी दाजींच्या जीपला बसले होते.

दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा. प्रवाशांची जीप चालवायचे. चार नवे टायर घालून, अकरा माणसं भरून तासाभरापूर्वीच निघाले होते. वाटेत डोंगराचा उतार, एका अंगाला दरी. भरलेली गाडी, तापलेली चाकं आणि ऐन वळणावर पुढच्या चाकाची हवा फस्सकन गेली तर?

त्यानं फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग ताईला लावला.

"गाडीत बसले की फोन खणात टाकतात ते," ताई म्हणाली. "मीच बजावलंय. का रे?"

"काही नाही, सहज," तो म्हणाला आणि फोन ठेवल्यावर त्याची त्यालाच लाज वाटली. बहिणीच्या कुंकवाचा प्रश्न, आणि हा म्हणतो सहज.

दुकान उघडं टाकून त्यानं स्कूटर काढली. दाजी थांब्या-थांब्यावर माणसं उतरवणार, भरणार. गाठता येईल, एवढाच काय तो आधार. पहिल्या थांब्यावर कळलं, जाऊन अर्धा तास झाला. दुसऱ्यावर कळलं, पाव तास. स्कूटर जीव तोडून पळत होती आणि हा मनातल्या मनात घासाघीस करत होता. चारांतला एखादा तरी धड असेल. फुटायचाच असेल तर सपाटीला फुटू दे. मागचा फुटू दे. प्रत्येक वळणापाशी त्याला वाटे, पलीकडे गर्दी जमलेली दिसणार.

उताराच्या तोंडाशी शेवटचा थांबा होता. जीप तिथे उभी होती. माणसं पाय मोकळे करून पुन्हा आत बसत होती आणि दाजींनी किल्ली फिरवली होती. मिस्त्रीनं स्कूटर थेट बॉनेटपुढे आडवी घातली.

धापा टाकत त्यानं सगळं सांगितलं. दाजींनी शांतपणे ऐकून घेतलं, तेच वाईट झालं.

"सकाळी तूच म्हणालास ना, डोळे मिटून जा?"

"म्हणालो. चुकलो, दाजी."

"आतापर्यंत आली ना गाडी? खाली उतरलो की बदलू. माणसं खोळंबलीत माझी."

आतून कुणी म्हणालं, ह्यांचं घरचं भांडण घरी मिटवायला सांगा. एक म्हातारी म्हणाली, तिची डॉक्टरची वेळ चुकेल. दाजींनी त्याला स्कूटर बाजूला घ्यायची खूण केली.

मिस्त्रीनं जन्मात कुणाच्या मर्जीविरुद्ध चाकातली हवा सोडली नव्हती. तो पुढच्या चाकापाशी गुडघ्यावर बसला, व्हॉल्व्ह चिमटीत धरला आणि वाकवला. फार जोर लागलाच नाही. बूड फाटलं, हवा त्याच्या तोंडावर आली आणि जीप एका अंगाला खचली. जादाचं चाक एक होतं, म्हणून तो पलीकडे धावला आणि दुसऱ्याही पुढच्या चाकाचं तेच केलं.

माणसं शिव्या देत उतरली. एकानं त्याची कॉलर धरली. दाजी मात्र वाकून ते तुटकं बूड बोटात फिरवत राहिले. मग त्यांनी समोरच्या उताराकडे पाहिलं आणि त्या माणसाचा हात कॉलरवरून बाजूला केला.

"पाकिटात किती होते रे?" त्यांनी विचारलं.

"दहा."

"माझे चार."

"चार दुकानात निघाले. तुटका एक, भेगा पडलेले तीन."

मिस्त्री पुन्हा पुन्हा बोटांवर मोजू लागला. आठच भरत होते. परवा की तेरवा, कुणाला तरी दोन बसवले होते. पांढरी मोटार होती बहुतेक. मागे लहान मूल झोपलेलं होतं, म्हणून त्यानं जॅक हळू लावला होता, एवढं आठवत होतं. माणसाचा चेहरा आठवत नव्हता. कुठे जायचंय, हे त्यानं विचारलंच नव्हतं.

तो रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला आणि येणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या गाडीला हात करू लागला.