दखीलची नमाज

दुपारी दखीलने बूट काढले, खंदकाच्या भिंतीवरची कोरडी माती तळहातांना लावून तोंडावरून फिरवली आणि घोंगडी अंथरली. इराकी आघाडीवर, बसऱ्याच्या पूर्वेला त्या खाऱ्या रानात पाणी प्यायलाच पुरत नव्हतं, नमाजेआधी हातपाय धुवायला कुठून. त्याच्या मागे सात जवान उभे राहिले. त्याच्या मागे उभा राहणारा मरत नाही, अशी त्यांची समजूत झाली होती.

हवालदार शनान कधीच उभा राहत नसे. गोळ्यांच्या पेटीवर बसून तो सिगारेट ओढत होता.

"मुल्लाजी, उरका. पलीकडे इराणीही हेच उरकत असतील."

दखील नमाजेला उभा राहिला. मागच्यांना त्याची फक्त पाठ दिसत होती. शनानला बाजूने चेहरा दिसत होता.

नमाज संपल्यावर शनान वाळूची पोती भरणाऱ्या दखीलपाशी आला.

"ओठ हलत नव्हते तुझे."

दखील पोत्याचं तोंड बांधत राहिला.

"आणि पहाटे मोठ्याने म्हणायचास, ते आठ दिवस बंद आहे. घसा बसलाय म्हणे."

"घसा ठीक आहे." दखील म्हणाला, "पाणथळीत मी एकाला गोळी घातली. तो लगेच गेला नाही. फातेहा म्हणत होता, नमाजेत आपण म्हणतो तीच. मध्येच अडकला, म्हणून जवळ बसून पुढचे शब्द मीच सांगितले. आता म्हणायला गेलो की त्याचाच आवाज येतो. मग नुसता उभा राहतो."

"पोरांना सांगून टाक."

"तुम्हीच सांगा."

शनानने जवानांकडे पाहिलं. ते मसूरच्या आमटीचं पातेलं पावाने पुसत होते. सूर्य मावळायच्या आत सगळ्यांना पुढच्या खंदकात जायचं होतं. तिथून काल चारच जण परतले होते.

तो पेटीवर परत जाऊन बसला.

ऊन कललं, दुपारच्या दुसऱ्या नमाजेची वेळ झाली. जवान बूट काढून दखीलकडे बघत बसले. दखील पोत्याला टेकून होता, तो उठेना.

शनानने सिगारेट विझवली. खाली वाकून, एकेक नाडी सोडवत, त्यानेही बूट काढले.

"ऊठ. आज मी पुढे राहतो."

"तुम्हाला येते?"

"आईने शिकवली होती. येईल तेवढी."

दखील उठून त्या सातांत जाऊन उभा राहिला.

दुपारच्या नमाजेतले शब्द मनातल्या मनात म्हणायचे असतात. शनान मोठ्याने म्हणत होता, मागे दखीलला ऐकू जाईल असं, चाचपडत, चुकत. कुणी त्याला थांबवलं नाही.