नाचणगावचं निरंक कार्ड

नाचणगावात नरहरला कोणी नावाने हाक मारत नसे. तो 'देवी डॉक्टर'. डॉक्टर कसला, लेकरांच्या दंडावर देवी टोचणारा सरकारी माणूस. पण रुबाब असा की सिव्हिल सर्जनने पाहून शिकावा. दर शनिवारी तो एक कार्ड भरून वर्ध्याला धाडी. गावात देवीचे रोगी किती, एवढाच त्यात मजकूर. तो आकडा वर्ध्याहून नागपूर, नागपूरहून दिल्ली आणि तिथून थेट जिनिव्हाला जातो, हे त्याने गावाला इतक्यांदा ऐकवलं होतं की लोक त्याला पाहून वाट बदलत. रोगी नसला की लिहायचं, 'निरंक'.

चोपन्न सालच्या वैशाखात त्याने खोटं निरंक लिहिलं.

त्याची थोरली बहीण देवकाबाई गावातच राहायची. आईमागे तिनेच त्याला वाढवलं होतं. तिच्या लीनाचं लग्न समुद्रपूरच्या पुंडलिकराव व्यापाऱ्यांच्या घरी ठरलं होतं. चार दिवस उरले असता धाकट्या श्रीधरच्या अंगावर पुरळ उठलं. नरहरने एका नजरेत ओळखलं. कार्ड गेलं की वर्ध्याची माणसं येणार, दारावर खूण करणार, मांडव मोडणार. देवकाबाईने त्याचा हात धरला.

"माय पाहुणी आली हाये घरी," ती म्हणाली. "तिचं नाव कागदावर नोको घालू. लीनाले मंग कोन करन?"

बाई मोठी भाविक. माय कोपेल म्हणून तिने श्रीधरला कधी टोचूही दिलं नव्हतं. माय घरात असताना चुलीवर फोडणी द्यायची नाही, म्हणून लग्नाचा सगळा स्वयंपाक तिने शेजारच्या आवारात लावला. देवीचा असा मान राखला, आणि पोराला मागच्या खोलीत निजवून 'ऊन लागलं' असं सांगत सुटली. नरहरने त्या शेजारच्या फोडणीचा वास घेतच अक्षता टाकल्या. समुद्रपूरची चाळीस माणसं जेवून परत गेली. श्रीधरही वाचला. नरहरला वाटलं, सुटलो.

पंधरा दिवसांनी प्रमिलाबाई कासारणीच्या माणिकला ताप भरला. प्रमिलाबाई लग्नघरी बांगड्या भरायला गेली होती, तेव्हा सात वर्षांची माणिक मागच्या खोलीत श्रीधरजवळ खेळत बसली होती. हिवाळ्यात खोकला होता म्हणून नरहरनेच तिला देवी टोचायचं पुढे ढकललं होतं. पोरीच्या अंगावर फोड दिसले तसा गावाने निकाल देऊन टाकला. घरोघरी फिरून बायांचे हात हातात घेणारी बाई एकच. तिच्याच हातांनी माय आणली. तिच्याकडे बांगड्या भरणं बंद झालं.

या वेळी नरहरने कार्ड खरं लिहिलं. पोरीला पाहायला तो रोज जाई, तेव्हा शेजारीण तिला पाणी पाजत असायची आणि प्रमिलाबाई उंबऱ्याबाहेर बसलेली असायची. घाबरली असेल, असं त्याला वाटलं. नवव्या दिवशी माणिक गेली. आळीत आणखी दोन घरांत रोग शिरला. लोक कासारणीला बोल लावत राहिले आणि नरहर ऐकत राहिला. इतकं नीच काम आपण जन्मात केलं नाही, हे त्याला कळत होतं. तरी तोंड उघडत नव्हतं.

मग वर्ध्याहून आरोग्य अधिकारी प्रभाकरराव जीप घेऊन आले. बर्फाच्या पेटीत लस होती, पण मोजकीच. ती कुठे न्यायची ते ठरवायला रोग आला कुठून हे कळायला हवं होतं. चावडीवर सगळ्यांनी प्रमिलाबाईकडे बोट दाखवलं. ती कोणकोणत्या गावांना बांगड्या घेऊन फिरते ते साहेब विचारू लागले, ती खालमानेने सांगू लागली, आणि पेटी त्या गावांना न्यायचं ठरलं.

नरहरच्या खिशात सकाळीच आलेलं लीनाचं कार्ड होतं. दिराच्या दोन लेकरांना माय आली आहे, मामा, आणि घरचे कोणाला सांगत नाहीत, असं तिने लिहिलं होतं. बोललो तर नोकरी जाणार, बहीण तोंड पाहणार नाही, लीनाला सासरी काय ऐकावं लागेल ते देवच जाणे. आणि न बोलावं तर लस भलत्याच गावांना जाणार.

"साहेब, पहिला रोगी माझ्या बहिणीच्या घरी होता," तो म्हणाला. "मी निरंक लिहिलं. वऱ्हाड समुद्रपूरचं होतं."

प्रभाकररावांनी तारीख विचारली, लीनाचं कार्ड वाचलं, आणि पेटी जीपमध्ये ठेवायला सांगितली. तुमचं मग पाहू, एवढंच म्हणून ते समुद्रपूरकडे निघाले. लोकही एकेक करून उठले. कोणी प्रमिलाबाईकडे पाहिलं नाही.

ती तिथेच बसून होती. नरहर तिच्यासमोर जाऊन बसला. तिने चप्पल काढून मारलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. ती आपल्या तळहातांकडे पाहत होती.

"म्हंजे माह्या हातानं नाई आली?"

"नाही, बाई."

"सगळे सांगून राह्यले होते, तुह्या हाताले माय लागली, पोरीले शिवू नोको," ती हळूच म्हणाली. "मराच्या आधी तिनं दोनदा हात मांगतला, भाऊ. म्या नाई देल्ला."