दाराजवळची चटई

"काय खाल्लं तू? खरं सांग, पोरी," आरोग्य केंद्राच्या रचना सिस्टरनं पुन्हा विचारलं. आठवीतली भूमिका पांढऱ्याफटक तोंडानं प्रेमिलाबाईंकडे पाहत राहिली आणि तिनं मान खाली घातली.

तिरोड्याजवळच्या या मुलींच्या गुरुकुलात वसतिगृह प्रेमिलाबाईंच्या गळ्यात होतं. पोरींच्या उवा काढण्यापासून रुसवे काढण्यापर्यंत सगळं त्याच करत. पाळी आलेल्या पोरीनं प्रार्थनेला दाराजवळच्या चटईवर वेगळं बसायचं, तोंडातून अक्षर काढायचं नाही, ही तिथली रीत. भूमिकाचा गळा गोड, उत्सवाची आरती तिचीच. एका उत्सवाला तारीख आडवी आली, तेव्हा पोरगी रडून अर्धी झाली. बाईंना राहवलं नाही. पूर्वी घरच्या लग्नकार्यात त्या स्वतः पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेत, त्याच त्यांनी मेडिकलमधून आणून दिल्या. मग दर सणाला तेच सुरू झालं. माया आंधळी असते ती अशी. आता भूमिकाचं रक्त थांबत नव्हतं आणि आज ती भर प्रार्थनेत कोसळली होती.

"उपवासानं चक्कर आली असेल. टॉनिक देऊन टाका," दारातून गुरुकुलाचे प्रमुख हेमेंद्र गुरुजी म्हणाले. मागे सिस्टर पोरींशी बोलायला आली होती, तेव्हा त्यांनीच बजावलं होतं, दात घासायचं सांगा, हात धुवायचं सांगा, बाकीचं नको. बाकीचं म्हणजे काय, हे पोरी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

बाईंनी भूमिकाचा हात हातात घेतला. खरं बोललं तर नोकरी जाणार, आणि विधवा बाईनं या वयात जायचं कुठं? पण भूमिकाचे हात बर्फासारखे गार लागत होते.

"म्याच देल्या वो सिस्टर, पाळी लांबवाच्या गोळ्या. आरतीसाठी. दर सणाले."

पुरुषमाणसासमोर हा शब्द त्या जन्मात पहिल्यांदा बोलल्या. गुरुजी भिंतीकडे पाहू लागले.

"कायले वो बाई? वाढत्या अंगाची पोट्टी हाये!"

"मलेई कोणी सांगतलं नाई कधी," म्हणताना बाईंना रडू फुटलं.

सिस्टरनं गाडी बोलावून भूमिकाला दवाखान्यात नेलं. तिला रक्त चढवावं लागलं, पण पोरगी वाचली. बाईंची नोकरीही राहिली. दुसरी बाई मिळणं सोपं नव्हतं. चटईही होती तिथंच राहिली.

पुढच्या उत्सवाला भूमिकाची पाळी आली. ती गुपचूप दाराजवळ जाऊन बसली. प्रेमिलाबाईंची पाळी जाऊन वर्षं लोटली होती, तरी त्या उठल्या आणि तिला खेटून चटईवर बसल्या.

"बाई, तुम्ही तिथे?" गुरुजी दचकले.

"हो जी," बाई म्हणाल्या. त्या जागच्या हलल्या नाहीत. "भूमिका, म्हण वो बेटा. इथूनच म्हण."

गुरुजींच्या हातातली घंटा हातातच राहिली. भूमिकानं हळूच सूर लावला, आणि पुढे बसलेल्या पोरी एकेक करून दाराकडे वळल्या.