पंखा थांबला की तास संपला

ताईने दारातच बजावलं, "सर कंटाळले की मागच्या बाकावरून पंखा बंद करतात. पंखा थांबला की तास संपला, तू फळ्यापुढच्या पायरीवरून खाली उतरायचं. आधीचे तिघं मास्तर तसेच गेले. आणि माझं नाक कापू नकोस. तुला डिग्री नसताना मी शब्द टाकलाय."

ताई या क्लासच्या ऑफिसात असते, सर म्हणजे क्लासचे मालक, आणि आज माझा चाचणीचा तास. मी फिजिक्स घरीच शिकलो, रद्दीतली पुस्तकं वाचून. आज जमलं नाही तर परत गोदामात खोकी उचलायची.

फळ्यावर 'फिजिक्स' लिहिलं. खडू तुटला.

"हा शब्द ग्रीक 'फ्युसिस'वरून आला. म्हणजे निसर्ग. त्याच्याही मुळाशी वाढणं, होणं. आपल्या 'भौतिक'मधला 'भू' आहे ना, त्याचाही अर्थ होणं. दोघं लांबचे चुलतभाऊ."

"सर, मग भूत?" वेणीवाली पोरगी.

"तेही त्याच घरातलं. भूत म्हणजे होऊन गेलेलं."

"म्हणजे आमचे आधीचे सर!"

वर्ग खदखदला. मीपण हसलो. तेवढ्यात मागून टक.

सरांचा हात बटणावर. मी बोलत होतो, काय ते मलाच कळेना. डोळे वर. पंख्याची पाती एकेक सुटी दिसायला लागली. दाराच्या फटीत ताईने कपाळाला हात लावला.

"सर, वर काय बघताय?"

खोटं सुचलंच नाही. "पंखा. बटण तर बंद झालं. मग हा अजून का फिरतोय?"

"सवय लागलीय त्याला!"

"आत वीज उरलीय!"

"गप रे, कुणी अडवत नाही म्हणून!"

"मग हळू का होतोय?" मी.

"हवा अडवते!"

"आतलं घासतंय!"

पंखा थांबला. मी खडू ठेवला, पायरी उतरलो.

"अहो, चाललात कुठे?" वेणीवाली उठली, थेट सरांच्या बाकाशी गेली. "सर, जरा हात काढा. परत बघायचंय." आणि बटण दाबलं.

सर तिच्याकडे बघतच राहिले. मग उठले आणि पुढच्या बाकावर, बटणापासून लांब येऊन बसले.

"शब्दांच्या मुळांचं दोन मिनिटांत उरकत जा," मला म्हणाले. "खडू उचल. उद्यापासून दोन तुकड्या तुझ्याकडे."

दोन? मी खडू उचलला आणि पायरी चढलो.