पलीकडच्या टेकडीवरून

“तार काढू नका साहेब, अजून कुणीतरी देतंय,” म्हणत म्हातारा आछ्वान कॉम्प्युटरसमोर हात पसरून उभा राहिला.

दुरुस्तीला आलेले पंखे, भाताचे कुकर, पोट उघडलेला एक रेडिओ, अशा पसाऱ्यात दोन पोलीस कसेबसे मावले होते. त्यातला थोरला, ल्याओ, याच डोंगरातला. त्याच्या आईचा कुकर आछ्वाननेच दुरुस्त केलेला.

“काका, सिनेमा नुसता बघितला असतात तर इथवर आलं नसतं. पण थिएटरातला नवा सिनेमा तुमच्या मशीनमधून गावोगाव गेलाय!”

“टॉरेंटवर दुसऱ्यांच्या मशीनमधून घेतलं की आपणही पुढं द्यायचं असतं रे. आपलं पोट भरलं म्हणून दार लावून घ्यायचं?”

“कायदा तेवढ्यालाच तर धरतो.”

“एवढा दानशूरपणा होता तर देवळात दाखवायचा!” मुलगी शूच्छिन फणकारली. शाळेतली नोकरी, सासरची माणसं, सगळी धास्ती तिच्या चेहऱ्यावर दाटली होती. “आता या वयात तुम्हाला सोडवायला मी चौकीवर यायचं का बाबा?”

आछ्वानचं तिकडे लक्षच नव्हतं. पडद्यावरची हिरवी रेघ मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत होती. आता अगदी थोडीच उरली होती.

त्याची बायको लानमोय चहाच्या मळ्यात गायची. तो या टेकडीवर, ती समोरच्या. त्याने ओळ टाकायची, तिने उत्तर द्यायचं. तिचं ते गाणं त्याने एकदा टेपवर धरलं आणि पुढे टॉरेंटवर मोकळं सोडलं, हवं त्याने न्यावं म्हणून. गाणं त्या दोघांचंच. त्यात ना चोरी, ना भीती. मग लानमोय गेली. टेप बुरशीने खाल्ली, जुनी डिस्क जळाली. आणि आता कुठल्याशा अनोळखी माणसाने जपून ठेवलेलं ते गाणं कणाकणाने घरी परतत होतं.

“चहा टाका ताई. तेवढ्यात होईल काकांचं,” ल्याओ हळूच म्हणाला.

शूच्छिनला वाटलं, आणखी एक सिनेमाच असणार.

“आम्हाला काही लपवायचं नाही साहेब,” म्हणत तिने भिंतीतली पिन उपटली. पडदा विझला.

आछ्वानचे पसरलेले हात हळूहळू खाली आले.

“तुझी आई येत होती गं,” तो म्हणाला.

मशीन पोलिसांबरोबर गेलं. टेबलावर धुळीत त्याचा चौकोन उरला. उन्हं उतरल्यावर आछ्वान मागच्या दारी जाऊन उभा राहिला. समोरच्या टेकडीवर चहाचे मळे केव्हाच राहिले नव्हते, सुपारीची झाडं तेवढी डुलत होती. त्याने घसा खाकरला.

*“खुडली पानं गं, भरली का टोपली,*
*उन्हं कलली, सांग, कुठं तू लपली?”*

मग मान कलती करून तो थांबला, तिच्या उत्तराला लागेल तेवढाच. आणि पुढची ओळ उचलली.

मागे चहाचा पेला घेऊन शूच्छिन उभी होती. आईचे शब्द तिला येत नव्हते. तो पुन्हा थांबला, तेव्हा तिनेही श्वास धरून ठेवला.